माहितीचे कोठार : रचना, उभारणी आणि शिक्षण



कोणत्याही संस्थेचा कारभार नोंदींवर चालतो. ग्रामपंचायतीचे नमुने असोत, शाळेचा हजेरीपट असो, सहकारी सोसायटीची खतावणी असो की कारखान्याचे साठापुस्तक असो, दररोज हजारो नोंदी होत असतात. गेल्या काही दशकांत या नोंदी कागदावरून संगणकावर आल्या. नोंद करण्याचे काम त्यामुळे सुलभ झाले. परंतु नोंदींतून उत्तर काढण्याचे काम तितकेच सुलभ झाले, असे म्हणता येत नाही. माहिती उदंड आणि उत्तर दुर्मिळ, अशी स्थिती अनेक ठिकाणी दिसून येते. ही उणीव भरून काढण्यासाठी जी शाखा विकसित झाली, तिला ‘डेटा वेअरहाऊस’ म्हणजेच माहितीच्या कोठाराची रचना असे म्हणतात. हा विषय केवळ संगणकतज्ज्ञांचा आहे, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. कोठाराची यंत्रे तज्ज्ञ उभारतील. पण कोठारात काय भरावे आणि भरलेल्या प्रत्येक दाण्याचा अर्थ काय, हे व्यवहार जाणणाऱ्या माणसांनीच ठरवावे लागते.

एका उदाहरणाने याचे महत्त्व ध्यानी येईल. समजा, एका तालुका दूध संघाची साठ संकलन केंद्रे आहेत. वार्षिक अहवालात एका केंद्राचे संकलन मागील वर्षाच्या निम्म्यावर आलेले दिसते. खर्च परवडत नाही म्हणून केंद्र बंद करण्याचा प्रस्ताव संचालक मंडळापुढे येतो. मंडळाच्या दृष्टीने हा एका ओळीचा विषय असतो. त्या केंद्रावर दूध घालणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने तो रोजच्या मिळकतीचा प्रश्न असतो. केंद्र बंद झाले तर किटल्या घेऊन दूरच्या गावी जाणे, नाहीतर मिळेल त्या भावाने दूध विकणे, एवढेच मार्ग त्यांच्यापुढे उरतात. परंतु खरे कारण असेही असू शकेल की, वर्षाच्या मध्यास दोन वाड्यांतील सभासद त्यांच्याच सोयीसाठी नव्या केंद्राला जोडले गेले. तसे असेल तर दूध घटलेले नाही; ते दुसऱ्या नावाखाली नोंदले गेले आहे. अहवाल खोटा नाही, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा ठरतो. असा निष्कर्ष टाळण्याची सोय रचनेतच करून ठेवणे, हे माहितीच्या कोठाराचे मुख्य प्रयोजन होय.

व्यवहाराची वही आणि उत्तरांचे कोठार

संकलन केंद्रावरील संगणकाचे काम मर्यादित असते. सभासद रांगेत उभा आहे, दूध मोजले, फॅट व एस.एन.एफ. तपासले, दरपत्रकाप्रमाणे रक्कम निघाली, पावती दिली, पुढचा सभासद. येथे वेग आणि अचूकता यांना महत्त्व आहे. ‘आज सकाळी या सभासदाचे दूध किती?’ एवढाच प्रश्न या प्रणालीला विचारला जातो. व्यवस्थापनाचे प्रश्न निराळे असतात. ‘गेल्या पाच वर्षांत कृशकाळात कोणत्या मार्गावरील म्हशीचे दूध घटत गेले?’ या प्रश्नाच्या उत्तरासाठी लक्षावधी नोंदी चाळाव्या लागतात. हा प्रश्न केंद्राच्याच संगणकाला विचारला, तर रांग खोळंबते. शिवाय त्या संगणकात बहुधा आजचीच स्थिती असते. सभासदाचे जुने केंद्र कोणते, मागील दरपत्रक काय होते, हे पुसले गेलेले असते. म्हणून व्यवहाराची वही वेगळी आणि उत्तरांचे कोठार वेगळे ठेवण्याची पद्धत रूढ झाली.

या शाखेचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. आय.बी.एम. कंपनीतील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० मध्ये एका निबंधाद्वारे माहिती परस्परसंबंधित तक्त्यांत ठेवण्याची कल्पना मांडली. त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा सुचविली. तीच पुढे ‘एस.क्यू.एल.’ या नावाने जगभर प्रसार पावली. १९८६ मध्ये तिला अमेरिकेत प्रमाण भाषेचा दर्जा मिळाला. बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी १९८८ मध्ये व्यावसायिक माहितीच्या कोठाराचा आराखडा प्रसिद्ध केला. बिल इन्मन यांचा ग्रंथ १९९२ मध्ये आणि राल्फ किंबॉल यांचा ग्रंथ १९९६ मध्ये आला. या दोन ग्रंथांनी विषयाला अभ्यासक्रमाचे स्वरूप दिले, असे म्हणण्यास हरकत नाही.

इन्मन यांनी कोठाराची चार लक्षणे सांगितली. कोठार हे विषयानुसार रचलेले असावे. त्यात निरनिराळ्या ठिकाणची माहिती एकजीव झालेली असावी. त्यात काळाचा हिशेब असावा. आणि एकदा भरलेली माहिती सहसा बदलली जाऊ नये. या चार लक्षणांत यंत्राचे नाव नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ही लक्षणे शिस्तीची आहेत, आणि म्हणूनच यंत्रे बदलली तरी ती टिकून राहिली आहेत.

आरंभ प्रश्नापासून

शिकणाऱ्याचा पहिला मोह असतो तो उपलब्ध असलेली सगळी माहिती एका ठिकाणी ओतण्याचा. पुढेमागे उपयोगी पडेल, असा त्यामागे विचार असतो. अनुभव मात्र असा की, प्रश्न न ठरवता भरलेले कोठार लवकरच अडगळीची खोली होते. किंबॉल यांनी रचनेच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. प्रथम एक व्यवहार निवडावा. नंतर एका ओळीचा अर्थ ठरवावा. त्यानंतर त्या ओळीभोवतीचे संदर्भ ठरवावेत. आणि शेवटी मोजमापे ठरवावीत. हा क्रम उलटला की रचना फसते.

दूध संघाच्या उदाहरणात संकलन, वाहतूक, प्रक्रिया, विक्री, पशुखाद्याचे वाटप आणि उत्पादकांची देणी असे अनेक व्यवहार आहेत. ते सर्व एकदम हाती घेऊ नयेत. संकलन हा मूळ व्यवहार. तो प्रथम घ्यावा. मग संचालक, केंद्रचालक, लेखापाल, पशुवैद्यकीय पर्यवेक्षक आणि खुद्द उत्पादक यांच्याजवळ बसून त्यांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावेत. उत्पादक विचारतो, ‘यंदाचे बिल कमी का?’ हा एक प्रश्न दिसतो. प्रत्यक्षात त्यात तीन प्रश्न असतात. दूध कमी झाले, की फॅट उतरले, की दर घटला? हे तिन्ही वेगवेगळे दाखवू शकेल, अशीच रचना उपयोगाची ठरते.

एका ओळीचा अर्थ

रचनेतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय एका ओळीच्या अर्थाचा असतो. इंग्रजी ग्रंथांत याला ‘ग्रेन’ म्हणतात. मराठीत त्यास दाणा म्हणणे उचित होईल. ‘एका सभासदाने, एका केंद्रावर, एका दिवशी, एका वेळेस घातलेले एका प्रकारचे दूध, ही एक ओळ,’ असे वाक्य प्रथम कागदावर लिहावे आणि सर्वांची त्यावर संमती घ्यावी. हे वाक्य ज्याला लिहिता येत नाही, त्याने पुढे जाऊ नये.

दाणा बारीक असावा, हा सर्वसाधारण नियम आहे. जागा वाचावी म्हणून केवळ केंद्रवार मासिक बेरजा साठविण्याचा मोह होतो. बारीक दाण्यांची रास कोणत्याही मापाने मोजता येते. पण एकदा पीठ केले की दाणा परत मिळत नाही. आरंभीच्या उदाहरणातील संघाने फक्त मासिक बेरजा ठेवल्या असतील, तर केंद्राचे दूध का घटले याचे उत्तर त्या कोठारात कधीच सापडणार नाही. प्रत्येक सभासदाची नोंद ठेवली असेल, तर एक साधी विचारणा पुरेशी होते: दोन्ही वर्षे याच केंद्रावर दूध घालणाऱ्या सभासदांचे संकलन किती होते? ते जर कायम असेल, तर केंद्राची घट ही उत्पादनातील घट नव्हे, हे तेथल्या तेथे सिद्ध होते.

मोजमापे आणि त्यांच्या बेरजा

प्रत्येक ओळीत काही मोजमापे असतात. त्या तक्त्याला ‘फॅक्ट टेबल’ म्हणजे मोजमाप-तक्ता म्हणतात. सर्व मोजमापांची बेरीज करता येत नाही, हा धडा लवकर शिकावा लागतो. दुधाचे किलो आणि बिलाचे रुपये यांची बेरीज कोणत्याही दिशेने करता येते. महिनाअखेरचा पशुखाद्याचा साठा केंद्रांमध्ये मिळवता येतो. पण तीन महिन्यांचे साठे मिळवून तिमाहीचा साठा होत नाही. शाळेतील पटसंख्येचेही असेच आहे. तीन महिने पटावर चाळीस मुले होती, म्हणून शाळेत एकशे वीस मुले होती, असे कोणी म्हणणार नाही. संगणकाला मात्र सांगितले नाही, तर तो हे निःशंकपणे म्हणतो.

टक्केवारीच्या बाबतीत तर फसगत नेहमीचीच. एका सभासदाचे १० किलो दूध ८ टक्के फॅटचे आणि दुसऱ्याचे ९० किलो ४ टक्के फॅटचे असेल, तर दोन टक्केवारींची सरासरी ६ येते. प्रत्यक्षात एकूण १०० किलोंत स्निग्धांश ०.८ आणि ३.६ मिळून ४.४ किलो, म्हणजे ४.४ टक्केच असतो. म्हणून कोठारात टक्केवारीऐवजी तिचे घटक, म्हणजे स्निग्धांशाचे किलो आणि दुधाचे किलो, ही दोन्ही मोजमापे ठेवावीत आणि भागाकार अहवाल काढताना करावा. शाळांची उपस्थिती, करवसुलीचे प्रमाण, लसीकरणाचे प्रमाण या सर्वांना हाच नियम लागू पडतो.

संदर्भांचे तक्ते

मोजमापाभोवती कोण, कोठे, केव्हा, काय, कशा प्रकारे हे संदर्भ असतात. त्यांना ‘डायमेंशन’ म्हणजे परिमाण म्हणतात. हे दोन शब्द १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील जनरल मिल्स ही खाद्यपदार्थ कंपनी आणि डार्टमथ येथील उच्च शिक्षणसंस्था यांच्या संयुक्त प्रकल्पात रूढ झाले, असे किंबॉल यांनी नमूद केले आहे. कागदावर मध्यभागी मोजमाप-तक्ता काढून त्याच्या सभोवती सभासद, केंद्र, दिनांक, दुधाचा प्रकार आणि दरपत्रक हे तक्ते जोडले की आकृती चांदणीसारखी दिसते. म्हणून या पद्धतीस ‘स्टार स्कीमा’ म्हणजे तारा-रचना असे नाव पडले. ही आकृती संचालक, लिपिक आणि तंत्रज्ञ या तिघांनाही वाचता येते, आणि तिची खरी योग्यता याच गोष्टीत आहे.

दिनांकाचा स्वतंत्र तक्ता कशासाठी, असा प्रश्न नवशिक्याला हमखास पडतो. त्याचे उत्तर असे की, दिवसाला अनेक ओळखी असतात. १ एप्रिल हा दिनदर्शिकेत चौथ्या महिन्याचा पहिला दिवस. आर्थिक वर्षाचा तो आरंभ आहे. देयकाच्या दशाहाचा तो पहिला दिवस आहे. शाळेच्या दृष्टीने तो वार्षिक परीक्षांच्या हंगामातील दिवस आहे. पुष्टकाळ व कृशकाळ, सण, यात्रा, बाजाराचा दिवस या गोष्टी कोणत्याही संगणकात आपोआप नसतात. त्या दिनांकाच्या तक्त्यात एकदाच नोंदवून ठेवल्या, म्हणजे प्रत्येक अहवालात पुन्हा नव्याने ठरवाव्या लागत नाहीत.

जुने नाव पुसू नये

आता मूळ मुद्द्याकडे वळणे आवश्यक आहे. सभासद केंद्र बदलतो, केंद्र मार्ग बदलते, गाव तालुका बदलते. असे बदल रोज होत नाहीत, पण होतात निश्चित. त्यांना ‘संथ गतीने बदलणारी परिमाणे’ म्हणतात. बदल झाल्यावर जुनी नोंद खोडून नवी लिहिणे सर्वांत सोपे. पण त्यामुळे मागील वर्षीचे दूधही नव्या केंद्राच्या नावे दिसू लागते, आणि छापलेल्या वार्षिक अहवालातील आकडा व आज संगणकाने दिलेला आकडा जुळेनासा होतो. लेखापरीक्षकाच्या प्रश्नाला मग उत्तर राहत नाही.

महाराष्ट्रातील महसूल दप्तराला ही अडचण फार पूर्वीपासून ठाऊक आहे आणि तिच्यावरील उपायही ठाऊक आहे. जमिनीच्या हक्कात बदल झाला की गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवहीत त्याची नोंद होते. सातबाऱ्यावर जुने नाव कंसात जाते आणि नवे नाव फेरफार क्रमांकासह लागते. मागचा माग पुसला जात नाही. कोठाराच्या रचनेतील मान्य पद्धत नेमकी हीच आहे. सभासदाची जुनी ओळ तशीच ठेवावी, तिच्यापुढे ‘या दिनांकापर्यंत लागू’ असे लिहावे, आणि ‘या दिनांकापासून लागू’ अशी नवी ओळ घालावी. प्रत्येक ओळीला कोठाराचा स्वतःचा क्रमांक द्यावा. सभासद क्रमांक दोन्ही ओळींत तोच राहतो. असे केले की दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात: त्या वेळी स्थिती काय होती, आणि आजच्या विभागणीप्रमाणे मागील आकडे किती येतात. केवळ लेखनातील चूक दुरुस्त करावयाची असेल, तेवढ्यापुरती जुनी नोंद खोडण्यास हरकत नसते. कोणता बदल ही दुरुस्ती आणि कोणता बदल हा फेरफार, हे ठरविण्याचे काम व्यवहार जाणणाऱ्यांचे आहे.

या मुद्द्याची व्याप्ती दूध संघापुरती नाही. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा राज्यात २६ जिल्हे होते. आज ३६ आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेत अविभाजित ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १ कोटी १० लाख होती. त्यापैकी सुमारे ३० लाख लोकसंख्येचा भाग पालघरमध्ये गेला. ‘ठाणे’ या एकाच नावाखाली २०१३ आणि २०१५ चे आकडे शेजारी ठेवले, तर शाळा, दवाखाने, शेतीक्षेत्र, सर्व काही दोन वर्षांत घटल्याचे दिसेल. वस्तुतः कोठेही काही घटलेले नाही. उलट पालघरसारख्या आदिवासीबहुल प्रदेशाचा मागील इतिहास मोठ्या जिल्ह्याच्या सरासरीत लपलेला राहील. तो बाहेर काढावयाचा तर माहिती तालुक्याच्या किंवा गावाच्या पातळीवर जपलेली असली पाहिजे आणि प्रत्येक तालुका कोणत्या काळात कोणत्या जिल्ह्यात होता, याची नोंद असली पाहिजे. जिल्ह्यांच्या नावांतील बदलांनाही हेच लागू आहे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव २०२३ मध्ये झाले. नाव बदलले, पण प्रदेश तोच राहिला. विभाजन आणि नामांतर हे दोन वेगळे बदल आहेत, आणि रचनेने त्यांतील फरक ओळखला पाहिजे.

एकच ओळख, अनेक व्यवहार

संकलनाचे कोठार उभे राहिल्यावर पशुखाद्याचा, नंतर विक्रीचा व्यवहार जोडावा. या वेळी दुसरी कसोटी लागते. संकलन विभागाचा ‘सभासद’ आणि पशुखाद्य विभागाचा ‘ग्राहक’ ही एकच व्यक्ती असेल, तर दोन्ही ठिकाणी तिची ओळख एकच असली पाहिजे. अन्यथा खाद्य घेणाऱ्यांचे दूध वाढले काय, या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. अशा सामाईक संदर्भ-तक्त्यांवरच मोठ्या कोठाराची एकसंधता अवलंबून असते. कागदावर उभ्या बाजूस व्यवहार आणि आडव्या बाजूस परिमाणे लिहून, कोणत्या व्यवहाराला कोणते परिमाण लागते तेथे खूण करावी. एका पानाचा हा तक्ता पुढील अनेक वर्षांचा आराखडा ठरतो.

सार्वजनिक कारभारात याचे परिचित उदाहरण आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा संकेतांक २७ होता; वस्तू व सेवा कराच्या नोंदणी क्रमांकाचा आरंभही येथे २७ नेच होतो; शाळांना दिलेला अकरा अंकी यू-डायस क्रमांकही २७ ने सुरू होतो. राज्य, जिल्हा, तालुका, गाव व ग्रामपंचायत यांना एकच मान्य संकेतांक असावा, म्हणून केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने स्थानिक शासन निर्देशिका तयार केली आहे. गावाचे नाव एका कार्यालयात ‘बुद्रुक’ असे, दुसऱ्यात ‘बु.’ असे आणि तिसऱ्यात केवळ मूळ नावाने लिहिले जाते. राज्यात एकाच नावाची गावेही पुष्कळ आहेत. नावावरून जोडलेली माहिती म्हणूनच विश्वासार्ह नसते. संकेतांकावरून जोडलेली माहिती विश्वासार्ह होऊ शकते. ग्रामपंचायतीने आपला संकेतांक प्रत्येक विवरणपत्रावर अचूक लिहिणे, ही या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

पाखडणी

खळ्यावरचे धान्य तसेच कोठारात जात नाही. मळणी, पाखडणी, निवडणी होते आणि मगच ते भरले जाते. माहितीचेही तसेच. मूळ प्रणालींतून ती काढणे, तिला एकसारखे रूप देणे आणि कोठारात भरणे, या तीन क्रियांवर उभारणीचा मोठा काळ खर्च होतो. काही केंद्रे दूध लिटरमध्ये नोंदवितात, तर काही किलोमध्ये. एक लिटर दूध सुमारे १.०३ किलो भरते. ०३/०४ हा दिनांक ३ एप्रिल की ४ मार्च, हे ठरवावे लागते. यंत्र बंद होते म्हणून फॅट तपासले गेले नाही, तर तेथे शून्य लिहिणे ही गंभीर चूक होय. शून्य म्हणजे मोजून आलेले शून्य. न मोजलेले ते अज्ञात. दोहोंना एक मानले की सरासरी खाली येते आणि त्याचे खापर उत्पादकावर फुटते.

येथे तीन नियम पाळावेत. पहिला, नाकारलेली नोंद फेकून देऊ नये. ती कारणासह वेगळी ठेवावी आणि संबंधित केंद्राला कळवावी. दुसरा, प्रत्येक भरणीनंतर ताळा घ्यावा; मूळ वहीतील एकूण नोंदी, एकूण किलो आणि एकूण रुपये कोठारातील बेरजांशी जुळले पाहिजेत. तिसरा, वीज गेल्याने काम अर्धवट राहिले आणि तीच भरणी पुन्हा केली, तरी एकही नोंद दोनदा येता कामा नये. हे नियम लेखाशाखेतील कोणाही जुन्या कर्मचाऱ्याला नवे वाटणार नाहीत.

दोन संप्रदाय आणि नवी साधने

संपूर्ण संस्थेचे एकसंध मध्यवर्ती कोठार प्रथम रचावे आणि त्यातून विभागांना लहान कोठारे द्यावीत, असे इन्मन यांचे मत. एकेक व्यवहार तारा-रचनेत बसवीत जावे आणि सामाईक परिमाणांनी ते जोडावेत, हे किंबॉल यांचे मत. या दोन मतांवर पुष्कळ वाद झाला. प्रत्यक्षात अनेक संस्थांनी दोहोंचा मेळ घातला. लहान संस्थेने एका व्यवहारापासून आरंभ करणे श्रेयस्कर. मात्र सामाईक ओळखीचा आग्रह पहिल्या दिवसापासून धरावा.

साधनांतही मोठे बदल झाले. माहिती ओळीनुसार न साठवता स्तंभानुसार साठविण्याची पद्धत प्रचारात आली. एका स्तंभाची बेरीज करावयाची असेल तर तेवढाच स्तंभ वाचावा लागतो, त्यामुळे उत्तर त्वरित मिळते. २०१० नंतर गुगलची बिगक्वेरी, अॅमेझॉनची रेडशिफ्ट, तसेच स्नोफ्लेक अशा सेवांमुळे स्वतःची मोठी यंत्रे न घेता दूरस्थ संगणकांवर कोठार उभारणे शक्य झाले. यंत्रे वेगवान झाली म्हणून दाणा, परिमाण आणि फेरफार यांचा विचार मात्र टळलेला नाही. अर्थ चुकलेला असेल, तर वेगवान यंत्र चुकीचे उत्तर अधिक वेगाने देते, एवढेच.

शिक्षणाचा मार्ग

ही विद्या शिकण्यासाठी महागडी सामग्री लागत नाही. आरंभ कागदावर करावा. हजेरीपट, दुधाची वही किंवा पाणीपट्टीची नोंदवही घेऊन तिच्यातील वीस नोंदी समोर मांडाव्यात, एका ओळीचा अर्थ एका वाक्यात लिहावा, मोजमापे आणि संदर्भ वेगळे करावेत, तारा-रचना काढावी. त्यानंतर एस.क्यू.एल. ही भाषा शिकावी. पोस्टग्रेएसक्यूएलसारखी विनामूल्य प्रणाली साध्या संगणकावर चालते आणि तिच्यावर सर्व मूलभूत सराव होतो. तिसरी पायरी भरणीची. मुद्दाम सदोष नोंदी घालून त्या पकडता येतात काय, हे पाहावे. चौथी पायरी काळाची. एखाद्या सभासदाचे केंद्र बदलून जुना आणि नवा, दोन्ही अहवाल बरोबर येतात काय, हे तपासावे. या चार पायऱ्या ज्याने हाताने केल्या, त्याला मोठ्या कोठाराचा आराखडा समजण्यास वेळ लागत नाही.

शिक्षकांना येथे विशेष वाव आहे. माध्यमिक शाळेतील गणिताच्या तासाला शाळेच्याच उपस्थितीचा तारा-तक्ता काढून घेतला, तर सरासरी आणि टक्केवारी यांतील भेद विद्यार्थ्यांच्या मनावर कायमचा ठसेल. अधिकाऱ्यांनी नवा अहवाल मागविण्यापूर्वी ती माहिती आधीच कोठे नोंदली जाते काय, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी. पंचायत सदस्यांनी आपल्या गावाचा आकडा वाचताना तो कोणत्या दिनांकाचा आहे, कोणत्या हद्दीचा आहे आणि त्यात कोण धरले व कोण सुटले, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत.

एका जबाबदारीचा उल्लेख केल्याशिवाय हे विवेचन पूर्ण होणार नाही. बारीक दाणा साठविणे म्हणजे व्यक्तीची माहिती साठविणे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये कायदा केला आहे. आधार क्रमांक, बँक खाते, आजाराचा तपशील अशा गोष्टी अहवालाला लागत नसतील, तर त्या कोठारात आणूच नयेत. कोणाला काय दिसावे, हे आधी ठरवावे. दोन-तीन कुटुंबांच्या वाडीचा आकडा प्रसिद्ध केला तर नाव न छापताही व्यक्ती ओळखू येते, याचेही भान ठेवावे लागते.

बंधुभगिनींनो, अहवाल देखणा झाला, आलेख रंगीत झाले, म्हणजे कोठार यशस्वी झाले असे नव्हे. सर्वसाधारण सभेत उभा राहून एखादा उत्पादक आपले बिल कमी का आले हे विचारतो. करदाता आपल्या पट्टीचा हिशेब मागतो. पालक शाळेच्या पटाबद्दल शंका घेतो. त्या वेळी कोणत्याही विभागाने दिलेले उत्तर एकच असेल, ते मूळ नोंदीपर्यंत दाखविता येईल आणि पाच वर्षांनीही तसेच सांगता येईल, तर ते कोठार कामाचे होय. गावोगावच्या वह्यांत रोज अचूक नोंद करणारे हात हेच या कोठाराचे खरे भरणकर्ते आहेत. त्यांच्या कष्टाने जमलेल्या दाण्याचा अर्थ जपणे, हे रचनाकाराचे पहिले कर्तव्य आहे.